पाटीच्या खाणीवर बहिरी

तीन दिवस काहीच घडलं नाही.
भुरभुर, थर्मासमधला चहा, मेंढ्या,
आणि इद्वलचा खोकला.

खाण बंद होऊन चाळीस वर्षं झाली.
डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला,
सुरी तशीच रुतवून कुणी उठून गेल्यासारखा.
इद्वलच्या बापानं इथून जगभर छपरं पाठवली,
शाळांना पाट्या पाठवल्या,
धूळ तेवढी घरी आणली, छातीत.

समोर, खालून चौथी पायरी,
पांढरे ओघळ दिसतात ना, त्याच्या वर बघ,
मेरेरिद म्हणाली.
मला दिसत होता दगड.
मग दगडानं मान वळवली.

वेल्शमध्ये हिला म्हणतात हेबोग त्रामोर,
समुद्रापलीकडची.
आमच्यात बहिरी.
लहानपणी वाटायचं, बिचारीला ऐकू येत नसावं.
पुढं कुणी सांगितलं, बहर म्हणजे दर्या.
एकमेकींना कधी न भेटलेल्या दोन भाषा,
आणि दोघींनी हिच्या पाठीमागं समुद्रच पाहिला.

इद्वलला यातलं काही ऐकायचं नसतं.
त्याच्याकडे शर्यतीची एकोणीस कबुतरं आहेत.
गेल्या साली तेवीस होती.
तो इथं येतो हिशेब ठेवायला,
मेरेरिद येते त्याच्यावर नजर ठेवायला.
बहीणभाऊ. एकच बाक, मध्ये थर्मास.
तरण्या वयात दोर लावून तो या कड्यावर उतरला होता,
घरट्यातली अंडी फोडून वर आला होता.
ती अजून विसरत नाही.
तो अजून नाकारत नाही.

चौथ्या दिवशी, अकराच्या सुमाराला, ऊन पडलं
आणि कड्यावरचा दगड नाहीसा झाला.
वर, मेरेरिद म्हणाली.
वर कुठे? वर नुसतं आभाळ,
त्यात एक ठिपका, डोळ्यात कुसळ जावं एवढाच.
मी डोळा चोळला.
ठिपका तिथंच.

दरीतून सहासात कबुतरं वर आली,
घराकडे निघालेली, एकमेकांना खेटून,
पगाराच्या दिवशी पाळी सुटल्यासारखी.
त्यातलं एक निळं.

ठिपक्यानं पंख मिटले.

हे मला सांगता येत नाही.
पडणं म्हणावं, तर पडणाऱ्याला इतकी खात्री नसते.
आधी वेग दिसला, मग पक्षी,
मग आवाज आला, कोरं मांजरपाट टरकन फाडावं तसा,
डोक्यावरून, या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत.
माझ्या पोटातलं काहीतरी तिच्याबरोबर खाली गेलं
ते अजून वर आलेलं नाही.

धप्प.
हवेत जिथल्या तिथं पिसांचा एक ढग,
आणि ती केव्हाच त्याच्या खालून
ओझ्यासकट वळलेली, पिवळे पाय आवळून.

कुणीतरी ओरडलं.
मला वाटलं मी. मेरेरिदला वाटलं ती.
इद्वल बाकावर उभा होता, वय वर्षं त्र्याहत्तर,
टोपी मुठीत, तोंड उघडं.
तो शब्द मला कळला नाही,
पण शेवटच्या मिनिटाला आपल्या गावानं गोल मारला
की माणसं जे ओरडतात, त्यातलाच होता.

मग तो सावकाश खाली बसला.
निळी माझी होती, म्हणाला.
फ्रान्सातून एका दिवसात घरी यायची.

पिसं बराच वेळ उतरत राहिली.
एक त्याच्या चहात पडलं.
त्यानं ते बोटानं काढलं,
वहीत एकोणीस खोडून अठरा लिहिलं,
आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

मेरेरिदनं स्वतःच्या गळ्यातली दुर्बीण काढली
आणि काही न बोलता त्याच्या गळ्यात घातली.

कड्यावर पिल्लांचा एकच कालवा.
किती दिसतात रे?
तीन.
काचा पुसल्या, पुन्हा डोळ्याला लावल्या.
थांब, थांब. चार.